तुमचा ‘निखळ’ विनोद आणि मागची हाऊस गल्ली

दिवाळी जवळ आली की जुन्या दिवाळी अंकांतली हास्यचित्रे बाहेर निघतात. पिवळी पडलेली पाने, काळ्या शाईची रेघ, खाली एका ओळीचा विनोद. ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर ती फिरू लागतात आणि त्यांच्यासोबतचे वाक्यही ठरलेले असते: काय निखळ विनोद होता तेव्हा, कुणालाही न दुखावणारा! आमचा आक्षेप चित्रांवर नंतर आहे. आधी या वाक्यावर आहे.

कुणालाही न दुखावणारा, हे ठरवले कुणी? ज्यांच्यावर विनोद झाला त्यांना विचारून ठरवले? ते अंक विकत घेणारा, वाचणारा, संपादकाला पत्र लिहिणारा आणि त्यात चित्र काढणारा वर्ग एकच होता. तो स्वतःवर हसला आणि त्याला स्वतःचे हसू गोड वाटले, एवढेच त्या वाक्यातले सत्य. बाकीचे दुखावले गेले की नाही याची नोंद ठेवायला त्या अंकांत जागाच नव्हती.

कुणी लगेच म्हणेल, आता यांना हसण्याचेही वावडे. म्हणून आधीच सांगतो. आमच्या वस्तीतल्या वाचनालयासाठी आम्ही रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने जुने अंक आणले, ते चाळले, आणि अनेक ठिकाणी मनापासून हसलो. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे. ‘किर्लोस्कर’मध्ये शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढत. अनंत अंतरकरांचे ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ आले. 1951 पासून मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ आला. वसंत सरवटे, शि. द. फडणीस ही माणसे मोठी होती, यात वाद नाही. फडणिसांचे शब्दाविना चित्र तर आम्हाला विशेष जवळचे, कारण ते समजायला शुद्ध भाषेचे सर्टिफिकेट लागत नाही. आमच्यातल्या अनेकांच्या घरी दिवाळी अंक कधी आला नाही. फडणिसांची चित्रे आम्ही पहिल्यांदा पाहिली ती बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात. सरकारी पुस्तक होते म्हणून ती आमच्यापर्यंत पोचली. अंकाच्या किमतीत ती पोचली नसती.

तर मुद्दा हा की ‘रोजच्या जीवनातले विनोद’ म्हणून जे सदर चालत असे, त्यातले रोजचे जीवन कुणाचे? पात्रे डोळ्यांसमोर आणा. लाटणे घेऊन उभी असलेली बायको. वेंधळा नवरा. मुक्काम ठोकलेली सासू. दिवाळसणाला आलेला जावई. साखर उसनी मागणारी शेजारीण. साहेबापुढे वाकलेला कारकून. डॉक्टर आणि रोगी. न्यायाधीश आणि पाकीटमार. बेटावर अडकलेला एकटा माणूस. बेटावरच्या माणसालासुद्धा या पानांत जागा मिळाली, जो मराठी वाचकाने जन्मात पाहिला नव्हता. पण रोज सकाळी त्याच्या दारातला रस्ता झाडणारी बाई आम्ही चाळलेल्या गठ्ठ्यात शोधूनही सापडली नाही.

चाळीवरचे विनोद घ्या, कारण हा प्रकार तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. चाळीतल्या संडासापुढची रांग हे ठरलेले हास्यचित्र. हातात टमरेल, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचणारा गृहस्थ, पुढे वर्तमानपत्र घेऊन आत बसलेला कुणी, कडी वाजवणारा तिसरा. हसू येते, येणारच; त्या रांगेत आम्हीही उभे राहिलो आहोत. पण त्या संडासाची मागची बाजू कुठे आहे? मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागे, दोन भिंतींच्या मध्ये, एक अरुंद बोळ असते. तिला हाऊस गल्ली म्हणतात. टोपलीचे संडास होते त्या काळात मैला त्या बोळातून निघायचा. सफाई कामगाराने पुढच्या रस्त्याने येऊ नये, जिन्याला हात लावू नये, कुणाच्या नजरेस पडू नये, म्हणून ही वेगळी वाट. म्हणजे इमारतीचा नकाशा काढतानाच जात आखून घेतलेली होती. 1888 च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात तर ‘हलालखोर कर’ नावाचा करच होता. कायद्याला त्या माणसाचे नाव माहीत होते, घरमालक त्याच्या नावाचा कर भरत होता, आणि रांगेवर शंभर विनोद करणाऱ्याला तो दिसला नाही?

दिसला असणार. पण तो काढला की हसू थांबते, हे चित्रकाराला कळत होते. टमरेलवाल्याची घाई गमतीची वाटते, कारण त्या गमतीची किंमत दुसरा कुणी मोजतो आहे आणि तो चौकटीबाहेर आहे. बाबासाहेबांनी 1930 च्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच माणसांचा. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारे कायदे 1993 आणि 2013 साली झाले आणि गटारात उतरून माणसे मरायची अजून थांबलेली नाहीत. तेव्हा ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी कोणते दिवस गेले आणि कोणते तसेच आहेत, हे एकदा मोजावे.

नळाचेही तेच. सार्वजनिक नळावर हंडे-कळशा घेऊन भांडणाऱ्या बायका हा दुसरा हमखास विनोद. एकीने दुसरीचा हंडा सरकवला, दुसरीने पदर खोचला. या भांडणात गंमत का वाटते? कारण दोघींचाही नळावर हक्क आहे. वाद फक्त नंबराचा आहे. आमच्या आज्यांचा वाद नंबराचा नव्हता. हात लावू देता की नाही, असा होता. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली ती आपला नंबर आला म्हणून गेली नव्हती. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा 1955 साली झाला, म्हणजे ‘आवाज’चे पहिले अंक निघत होते तेव्हा तो कायदाही नव्हता. त्याच वर्षांतल्या खेड्यात एक बाई विहिरीच्या काठापासून लांब उभी आहे, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत. हेही रोजचे जीवनच होते. यावर विनोद करा असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या पानाने ते कधी पाहिले नाही, त्या पानाला ‘त्या काळातल्या समाजाचा आरसा’ म्हणू नका. आरसा असेल तर दिवाणखान्यातला असेल, भिंतीवर लावलेला, समोरच्या कोचापुरता.

आता जो गरीब त्या चित्रांत येतो, तो कसा येतो? रामा म्हणून. मुंबईच्या पांढरपेशा घरात कोकणातून आलेल्या घरगड्याला सरसकट रामा म्हणत. त्याला त्याच्या बापाने काय नाव ठेवले होते, याच्याशी कुणाला देणेघेणे नव्हते. घाटावरून आलेला तो घाटी, उत्तरेतून आलेला तो भय्या. रामा बावळट असायचा, निरोप चुकीचा सांगायचा, बाईंची साडी जाळायचा, साहेबांची सिगारेट चोरून ओढायचा. त्याच्या बावळटपणावर घरच्यांचे शहाणपण उभे. आणि यातही एक गोष्ट आमच्या विनोदप्रेमी मित्रांच्या लक्षात येत नाही. हा रामा स्पृश्य होता. असावाच लागे, कारण तो स्वयंपाकघरात जायचा, पाणी भरायचा. आमच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, म्हणून तो बावळट नोकर म्हणूनही त्या चित्रात आला नाही. हास्यचित्रांतली आमची गैरहजेरी हा योगायोग नाही, ती अस्पृश्यतेची कागदावरची नोंद आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती त्या नजरेने वाचावी.

बायकांवरच्या विनोदांबद्दल स्त्रियांनी आधीच पुष्कळ लिहिले आहे, म्हणून आम्ही थोडक्यात बोलतो. चित्रात लाटणे बायकोच्या हातात आणि नवरा पलंगाखाली. प्रत्यक्षात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला मान्य झाला. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. ज्याच्या हातात घर, पैसा, कायदा सगळे आहे, तो स्वतःला बिचारा म्हणून रंगवतो आणि लोक पोट धरून हसतात. हीच युक्ती पुढे जातीच्या बाबतीत वापरली गेली, म्हणून तिची इथे आठवण.

ती युक्ती म्हणजे जावई. मराठी विनोदात जावयाचे पात्र पक्के बसलेले आहे. फुकट खाणारा, रुसून बसणारा, सासऱ्याचा खिसा रिकामा करणारा, आणि तरी ज्याला काही बोलता येत नाही असा. वर्षानुवर्षे हे पात्र घोटून घोटून वाचकाच्या मनात तयार झाले, आणि मग एका दिवशी फक्त सासरा बदलला: ‘सरकारचे जावई’. दोन शब्दांचा विनोद. त्यात आकडा नाही, पुरावा नाही, युक्तिवाद नाही, कारण त्याची गरजच उरली नव्हती. जावई कसा असतो ते आधीच्या हजार विनोदांनी शिकवून ठेवले होते. म्हणून आम्ही म्हणतो की साध्या, घरगुती, निरुपद्रवी विनोदाकडेही नीट पाहावे लागते. विषारी विनोदाला लागणारी भांडी याच स्वयंपाकघरात घासून ठेवलेली असतात.

या जावयाचा मानपान तरी कसा आहे? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळात. आज तोच जावई समाजकल्याणच्या खिडकीपुढे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभा असतो. वर्ष संपते, परीक्षा होते, शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नसतो, आणि कॉलेजचा क्लार्क फी भरल्याशिवाय निकाल देत नाही. असा दिवाळसण कुठल्या जावयाचा झाला आहे? आणि ज्यांच्या शेतीला, कारखान्याला, बँकेला, शिक्षणसंस्थेच्या जमिनीला सरकारने पिढ्यानपिढ्या हात दिला, त्यांच्यावर असा दोन शब्दांचा विनोद मराठीत का रुळला नाही? शोधून पाहा. सापडला तर आम्हालाही कळवा, आम्ही आनंदाने फिरवू.

7 ऑगस्ट 1990 ला मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली तेव्हापासून या जातीच्या विनोदांना ऊत आला. पोटात कात्री विसरणारा कोट्यातला डॉक्टर, कोसळणारा पूल बांधणारा कोट्यातला इंजिनिअर. पूर्वी डॉक्टर आणि रोगी या जुन्या जोडीत डॉक्टर फक्त विसरभोळा असे, त्याला जात नसे. जात चिकटली ती आमची मुले डॉक्टर होऊ लागल्यावर. लाखो रुपये भरून व्यवस्थापनाच्या जागेवर झालेल्या डॉक्टरची कात्री मात्र कधी कुणाच्या पोटात राहिली नाही!

हसण्यावारी न्या, असे सांगतात. 22 मे 2019 रोजी मुंबईत एका महापालिकेच्या रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. आदिवासी समाजातली, एम.डी. करणारी मुलगी. वरिष्ठांनी जातीवरून, राखीव जागेवरून टोमणे मारले, छळ केला, असा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा न्यायालय करेल. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की टोमणा आणि विनोद यांतली रेघ कुणाच्या बाजूने आखायची? मारणारा नेहमी विनोदच करत असतो. ऑफिसात चहाच्या वेळी कुणी कोट्यावरचा विनोद सांगतो, आणि टेबलाशी बसलेल्या आमच्या माणसापुढे दोनच वाटा असतात. हसायचे आणि आत जळायचे, नाहीतर न हसता ‘फार सेन्सिटिव्ह’ म्हणवून घ्यायचे. तिसरी वाट म्हणजे ॲट्रॉसिटीचा कायदा. तिचे नाव काढले की पुढचा विनोद त्या कायद्यावरच तयार असतो.

‘चित्राने काय होते?’ असे विचारणाऱ्यांनी महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहास तरी आठवावा. 13 ऑगस्ट 1960 ला बाळ ठाकरेंचे ‘मार्मिक’ निघाले. व्यंगचित्रांचे साप्ताहिक. त्यात दाक्षिणात्य माणसावर विनोद झाले, कंपन्यांतल्या दाक्षिणात्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या, आणि 19 जून 1966 ला शिवसेना उभी राहिली. पुढे दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर दगड पडले ते आकाशातून पडले नाहीत. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत आमच्या माणसांवर काय बेतले ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. चित्रातून पक्ष उभा राहतो हे ज्या राज्याने पाहिले, त्या राज्यात ‘गंमत आहे हो, एवढे काय’ हा युक्तिवाद चालू नये.

आणि बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे? उन्नमती श्याम सुंदर यांनी 1932 ते 1948 या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रांतली चित्रे शोधून 2019 साली ‘नो लाफिंग मॅटर’ या पुस्तकात एकत्र केली. ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाहावे. एवढा विद्वान, पण चित्रात तो बुटका, चिमुरडा, हट्टी पोरगा. कधी बाईच्या वेषात. शेजारी गांधी-नेहरू उंच आणि समंजस. कुणी कुणाला किती उंच काढायचे, हे रेषेच्या कौशल्याने ठरत नव्हते.

शंकर यांचे 1949 चे गोगलगाईचे चित्र सर्वांना माहीत आहे. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते आणि 2012 साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयात मोडतोड झाली. त्या मोडतोडीचे समर्थन आम्ही तेव्हा केले नाही, आज करत नाही. ती बाबासाहेबांची रीत नव्हे. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पानांवर ‘दलितांना विनोद कळत नाही’ असा जो सूर लागला, तो मोडतोडीपेक्षा जुना आहे आणि त्याच्या काचा फुटताना दिसत नाहीत.

विनोद कळत नाही? मसुदा समितीला उशीर झाला, या टीकेला बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत उत्तर दिले ते वाचा. नझिरुद्दीन अहमद यांनी ‘ड्राफ्टिंग’ समितीला ‘ड्रिफ्टिंग’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असे टोपणनाव ठेवले होते. बाबासाहेब चिडले नाहीत. वाहण्यावाहण्यात फरक असतो, आम्ही वाहत असलो तरी सुकाणू हातात ठेवून वाहत होतो, अशा आशयाचे त्यांनी सुनावले आणि कोटी करणाऱ्याची कोटी त्याच्याच पदरात टाकली. मग हिशेब मांडला. 11 अधिवेशने, 165 दिवस, त्यांतले 114 दिवस मसुद्याच्या चर्चेचे. मसुदा समितीच्या बैठका 141 दिवस. 7635 दुरुस्त्या दाखल, त्यांतल्या 2473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. अमेरिकेने चार महिन्यांत संविधान केले, पण त्यात कलमे सात, आपल्याकडे 395. गोगलगाय कुठली आणि चाबूक कुणावर, हे तिथल्या तिथे मिटले. गंमत बघा, चित्र पाठ्यपुस्तकात आले, पण हे आकडे किती जणांना पाठ आहेत?

आमच्याकडे विनोद नव्हता, ही तर शुद्ध थाप आहे. 1855 साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. त्यात गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुटणारा जोशी आहे आणि मध्येमध्ये तोंड घालून त्याचे पितळ उघडे पाडणारा विदूषक आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. नाकारणारच. तिथे हसू वरच्या दिशेने जात होते. पुढे सत्यशोधकी जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले, तमाशातला सोंगाड्या पाटलाची आणि सावकाराची टोपी उडवत राहिला, अण्णाभाऊंच्या लोकनाट्यांनी गिरणगाव हसवले. हे सगळे दिवाळी अंकाच्या चकचकीत कागदावर छापले गेले नाही म्हणून ते नव्हतेच? ‘बलुतं’ वाचताना, ‘उपरा’ वाचताना आमच्या वस्तीतली माणसे कितीतरी जागी खळखळून हसतात. समीक्षक मात्र ‘वेदना’, ‘व्यथा’, ‘आक्रोश’ यांपलीकडे शब्द शोधत नाहीत. दलिताने रडावे, म्हणजे वाचकाला हळहळता येते. तो हसला की वाचकाला शंका येते, हा आपल्यालाच तर हसत नाही ना!

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. एकेका जातीचा एकेक मजला, आणि खालच्याला वर जायला, वरच्याला खाली यायला वाट नाही. हे तयार हास्यचित्र आहे. कुणाही चित्रकाराने दोन मिनिटांत कागदावर उतरवावे असे. चाळीवर इतके विनोद झाले, जिन्यावर झाले, गॅलरीवर झाले, पण बिनजिन्याची ही इमारत आम्ही चाळलेल्या एकाही अंकात नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, तिथे चित्र कोण छापणार.

मग हे जुने अंक जाळायचे का? मुळीच नाही. आता हौशी मंडळी आणि ग्रंथालये हे अंक स्कॅन करून जपत आहेत, हे फार चांगले काम आहे. आमची त्यांना एकच विनंती. जातीचे, घाट्याचे, भय्याचे, कोट्याचे विनोद गाळून ‘निवडक निखळ’ असा पुस्तकी गुलदस्ता बांधू नका. अंक जसा निघाला तसा, वर्षासकट, जाहिरातींसकट ठेवा. आमच्या संशोधक मुलांना तो पुरावा म्हणून लागणार आहे. मराठी विभागात प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनो, कवींवर पुष्कळ झाले. एका अंकाचे तीस वर्षांचे विनोद घेऊन बसा.

आणि आपल्या चित्रकारांना. दरवर्षी 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे इतके स्टॉल लागतात, भाषणे आहेत, चरित्रे आहेत, कॅलेंडर आहेत, मूर्ती आहेत. हास्यचित्रांचे पुस्तक मागितले तर स्टॉलवाला आपल्याकडे पाहतच राहतो. रेघ चांगली असलेली मुले आपल्याकडे आहेत, ती बॅनर रंगवतात आणि जयंतीच्या कमानी काढतात. त्यांच्यापैकी कुणी वीस-पंचवीस चित्रे काढली तर छपाईची वर्गणी आम्ही गोळा करू. पहिले चित्र कुठले, तेही ठरले आहे. तीच चाळ, तीच टमरेलवाल्यांची रांग, फक्त कागद उलटा धरायचा आणि मागच्या हाऊस गल्लीतून काढायचे.